देशपरिचयाच्या तळाची चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत दर आठवड्याला एका देशाचा परिचय प्रसिद्ध होतो. राजधानी, चलन, क्षेत्रफळ, नद्या, पिके, खनिजे, राज्यपद्धती असे सारे सविस्तर दिल्यावर अगदी तळाशी ‘इतर समस्या’ नावाची एक चौकट असते आणि तिच्यात सीमावाद, विस्थापित, मानवी तस्करी व घटती लोकसंख्या हे चार विषय प्रत्येकी एका ओळीत उरकलेले असतात. निवृत्तीनंतर मी गंगापूर रोडवरील एका अभ्यासिकेत मुलांना भूगोल शिकवतो. तिथली बरीचशी मुले पेठ, सुरगाणा, कळवण भागांतून आलेली आहेत. महागडे क्लास त्यांना परवडत नाहीत, त्यामुळे आपल्या पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवून ती अभ्यास करतात. आपण जे छापता त्यावरच त्यांची जगाबद्दलची समजूत उभी राहते, म्हणून या चौकटीविषयी जरा विस्ताराने लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, हे चार विषय एकमेकांपासून तोडून छापल्यामुळे त्यांतले कळण्यासारखे तेवढेच नेमके गळून जाते. कोणी तरी रेषा आखतो, रेषेपायी माणसे उठतात, उठलेल्या माणसांवर दलाल टपून असतात आणि मागे गावे, कधी कधी आख्खी बेटे ओस पडतात. पुष्कळ देशांत ही एकाच इतिहासाची पाने आहेत. ती सुटी केली की मुलांच्या हाती फक्त पाठ करायची नावे उरतात.

कंबोडियाच्या परिचयाचेच पाहा. चौकटीत ‘सीमावाद : थायलंडशी, मंदिरावरून’ एवढेच आले होते. हे वाचून कोणाचाही समज व्हावा की दोन शेजारी एका देवळाच्या मालकीवरून भांडत आहेत. प्रत्यक्षात डांग्रेक डोंगररांगेच्या कड्यावर उभे असलेले प्रेह विहार हे प्राचीन शिवमंदिर नकाशाच्या वादात सापडले ते १९०४ च्या फ्रान्स-सयाम करारामुळे (सयाम म्हणजे आजचे थायलंड; कंबोडिया तेव्हा फ्रान्सच्या अमलाखाली होता). त्या करारात सीमा पाणलोटाच्या रेषेने, म्हणजे डोंगरावरचे पाणी जिथून दोन्हीकडे वाटले जाते त्या माथ्याने, जाईल असे ठरले होते. मात्र त्यानंतर फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या नकाशात रेषा पाणलोटापासून सरकली आणि मंदिर कंबोडियाच्या बाजूला आले. सयामने तो नकाशा घेतला, वापरला आणि कित्येक वर्षे हरकत घेतली नाही. याच मौनाला महत्त्व देऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये मंदिर कंबोडियाचे असल्याचा निकाल दिला. आजही कंबोडिया एकास दोन लाख प्रमाणाच्या त्या जुन्या नकाशावर बोट ठेवतो आणि थायलंड आपल्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर. नकाशाचे प्रमाण हा आमच्याकडे दोन गुणांचा प्रश्न असतो. तिथे त्यावर तोफा चालतात.

२४ जुलै २०२५ रोजी त्या सरहद्दीवर लढाई पेटली आणि पाच दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून लाखो माणसे गावे सोडून छावण्यांत आली. थायलंडमध्ये मोलमजुरी करणारे लाखो कंबोडियन कामगार घाबरून मायदेशी परतले. याच सरहद्दीवर पॉयपेटसारख्या ठिकाणी ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे चालतात, जिथे नोकरीच्या आमिषाने आणलेल्या तरुणांना कोंडून, पारपत्र काढून घेऊन, परक्यांना फोनवर गंडा घालण्याच्या कामाला जुंपले जाते. म्यानमार-थायलंड सीमेवरील म्यावाडी भागात हाच उद्योग आहे. तिथल्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधील माए सोट येथून परत आणले गेले, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांची सुटका केली. सरकारचे नियंत्रण जिथे ढिले, त्या सीमापट्ट्यातच असे धंदे फोफावतात. आता हे सारे चौकटीत तीन वेगळ्या ओळींत, तेही तीन वेगळ्या देशांच्या परिचयांत विखुरले, तर ते एका सरहद्दीशी बांधलेले आहे हे आमच्या अभ्यासिकेतल्या मुलाला कोण सांगणार? आणि तो तर बेरोजगार पदवीधर आहे. ‘बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, महिना साठ हजार’ असल्या जाहिराती त्याच्याच मोबाइलवर येतात.

सीमेचा प्रश्न नाशिककरांना परका वाटायचे कारण नाही. लासलगावच्या कोणत्याही व्यापाऱ्याला घोजाडांगा आणि महदीपूर ही बांगलादेश सीमेवरील नाकी कुठे आहेत ते विचारा. पुस्तकी भूगोलाशी ज्याचा संबंध दहावीनंतर तुटला तोही सांगेल, कारण तिथे ट्रक अडले की इथे कांद्याचा भाव पडतो. सुरगाणा तालुक्यातील काही गावांनी २०२२ च्या अखेरीस आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली होती. रस्ते, पाणी, दवाखाना पलीकडे बरा आहे, एवढेच त्यांचे साधे म्हणणे होते. बेळगावचा प्रश्न १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून, महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानंतरही, धुमसतो आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा राज्यातल्या वाचकाला ‘ड्युरँड रेषा : १८९३, पाकिस्तान-अफगाणिस्तान’ एवढ्यावर बोळवण करणे बरे नाही. ती रेषा अफगाणिस्तानच्या एकाही सरकारने मनापासून मान्य केलेली नाही, पख्तुनांच्या वस्त्या तिच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि पाकिस्तानने १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत देश सोडण्याचे फर्मान काढल्यावर लाखो अफगाण त्याच रेषेवरच्या तोरखम आणि चमन नाक्यांतून परत पाठवले गेले, ज्यांत पाकिस्तानातच जन्मलेली, अफगाणिस्तान कधीही न पाहिलेली मुले होती. रेषेची ओळ आणि विस्थापितांची ओळ इथे एकत्र छापल्याशिवाय दोहोंचाही उलगडा होत नाही.

विस्थापितांच्या आकड्यांबद्दल मात्र माझी तक्रार वेगळी आहे. आपण एक संख्या देता. ती कोणी मोजली, कोणत्या वर्षी आणि कोणाला धरून, हे देत नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडलेला आणि छळाच्या साधार भीतीने परत जाऊ न शकणारा माणूस निर्वासित ठरतो. आपल्याच देशात घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात झोपडी बांधलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही, आणि जगात अशांची संख्या जास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस सक्तीने विस्थापित झालेल्या १२ कोटी ३२ लाख माणसांपैकी सुमारे ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशाच्या हद्दीतच होती. पॅलेस्टिनी निर्वासितांची बहुसंख्या तर संयुक्त राष्ट्रांची एक वेगळीच संस्था मोजते, त्यामुळे एकाच देशासाठी दोन आकडे दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात. आपत्तीच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो : काही तक्त्यांत वर्षभरात किती वेळा माणसे हलली ते मोजलेले असते, तर काहींत वर्षाच्या शेवटच्या दिवशी किती माणसे घराबाहेर होती ते. पुरात तीनदा शाळेच्या वर्गात आसरा घेतलेली एकच बाई पहिल्या तक्त्यात तीनदा आणि दुसऱ्यात कदाचित एकदाही येणार नाही. उत्तरतालिकेवरून आमच्याकडे दरवर्षी हरकती जातात, त्यांतल्या काही नक्कीच अशा आकड्यांच्या असतात.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. २०२५ चा परदेशी नागरिकविषयक नवा कायदाही निर्वासित असा वेगळा वर्ग मानत नाही. तरीही आश्रय दिल्याचा आपला इतिहास मोठा आहे, आणि तो दूरचाही नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची एक छावणी आमच्या देवळालीतच होती. आज देवळाली कॅम्पच्या बाजारपेठेतून जाताना याची आठवण कोणाला असते कोण जाणे. दुसरीकडे, धरणांमुळे उठलेली माणसे या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बहुधा दिसतच नाहीत, कारण वार्षिक मोजणी संघर्ष आणि आपत्ती या दोन कारणांपुरती असते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. भारताच्या परिचयातील विस्थापितांच्या ओळीत ती नाहीत. अंतर्गत विस्थापनाविषयी संयुक्त राष्ट्रांची जी मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये आली, त्यांत लोकहिताचे सबळ कारण नसलेल्या मोठ्या विकासप्रकल्पांमुळे होणाऱ्या विस्थापनाचा उल्लेख असूनही ही स्थिती आहे. परिचय लिहिणाऱ्याने निदान एवढे वाक्य तरी लिहावे.

मानवी तस्करीच्या ओळीत बहुतेक वेळा फक्त श्रेणी असते : अमुक देश दुसऱ्या श्रेणीत, तमुक तिसऱ्या. ही श्रेणी अमेरिकेचे परराष्ट्र खाते २००१ पासून दरवर्षी काढत असलेल्या अहवालातली आहे, हे आपण सांगत नाही. श्रेणी ठरते ती तस्करी किती होते यावरून नव्हे. सरकारने तिच्याविरुद्ध किती प्रयत्न केले याविषयीच्या अमेरिकेच्या मतावरून ती दिली जाते. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, श्रेणीतील देशाची काही मदत अमेरिकेला रोखता येते, म्हणजे या गुणपत्रिकेला राजकारणाची बाजू आहे. आणि स्वतःला गुण द्यायला अमेरिकेने सुरुवात केली ती २०१० मध्ये! भारत बरीच वर्षे दुसऱ्या श्रेणीत आहे, हे खरे. पण श्रेणी पाठ केलेल्या विद्यार्थ्याला तस्करी म्हणजे काय हे कळले असे होत नाही.

अभ्यासिकेत मी विचारतो तेव्हा बहुतेक मुले मुंबई, कोलकाता, नेपाळची सीमा आणि देहविक्रय एवढेच सांगतात. इटलीतील पालेर्मो येथे २००० मध्ये सह्यांसाठी खुल्या झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जो भारताने २०११ मध्ये स्वीकारला, शोषणासाठी माणसाला बळाने, फसवून किंवा त्याच्या लाचारीचा फायदा घेऊन मिळवणे, नेणे किंवा ठेवून घेणे ही तस्करी आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत बळ किंवा फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. देशाची सीमा ओलांडली जावी अशी अट भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही नाही. या व्याख्येचा अर्थ आमच्याच जिल्ह्यात २०२२ च्या सप्टेंबरात कळला. इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची लहान मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या वळण्यासाठी दिली गेल्याचे उघडकीस आले, तेही एका मुलीच्या मृत्यूनंतर. वेठबिगारीविरुद्धच्या १९७६ च्या कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. जमीन नाही, जातीचा दाखला नाही, पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जायचे आणि त्यासाठी उचल घ्यायची, अशा कुटुंबांकडे दलाल मुले मागायला येतो. आपल्या वृत्तपत्रांनी ती बातमी ठळक छापली होती. मग भारताच्या परिचयात त्याच आठवणीचा एक शब्दही का नसावा? ‘तस्करी : दुसरी श्रेणी’ हे वाचून सुरगाण्याच्या मुलाला आपल्या पाड्यावरची गोष्ट ओळखूही येणार नाही.

आता बेटांविषयी, कारण तिथे सर्वांत जास्त दिशाभूल होते. एका मुलाच्या वहीत न्यूए या पॅसिफिकमधील बेटाच्या कात्रणाखाली, ‘लोकसंख्येत घट’ या ओळीपुढे, त्याने पेनने लिहिले होते : ‘कारण – समुद्रपातळी वाढ’. ओळीत कारण दिलेले नव्हते, म्हणून त्याने आजकाल सर्वांत प्रचलित असलेले कारण स्वतःच जोडले. मात्र न्यूए हे उंच उचलले गेलेले प्रवाळाचे बेट आहे आणि तिथली लोकसंख्या घटली ती पारपत्रामुळे. न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचे नाते ठेवून १९७४ पासून स्वशासित असलेल्या या बेटाचे लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत. १९७० च्या सुमारास विमानतळ झाला आणि कामाच्या व शिक्षणाच्या ओढीने लोक ऑकलंडला जाऊ लागले. १९६६ मध्ये बेटावर पाच हजारांवर माणसे होती, आज सतराशेच्या आसपास आहेत, तर न्यूझीलंडमध्ये स्वतःला न्यूएचे म्हणवणारे तीस हजारांहून अधिक आहेत. २००४ च्या हेटा वादळाने उरल्यासुरल्यांतले आणखी काही हलले, एवढाच निसर्गाचा वाटा. उलट तुवालूच्या बाबतीत समुद्राची भीती खरीच आहे : ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० जणांना तिथे कायमचे जाता येते आणि २०२५ च्या पहिल्याच सोडतीसाठी, कुटुंबीय धरून, देशाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांनी नावे दिली. (माणसे कामासाठी गावे सोडतात हे आम्हाला सांगायला पॅसिफिकपर्यंत जायची गरज नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तशीच ती मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, आणि तो तर बेटावरच आहे.)

तथापि चागोस द्वीपसमूहाइतके ठळक उदाहरण दुसरे नाही, आणि ते आपल्याच हिंदी महासागरातले आहे. मॉरिशसच्या परिचयात ‘सीमावाद : ब्रिटनशी, चागोस’ असे आले होते आणि त्याच द्वीपसमूहाच्या नोंदीत ‘कायमस्वरूपी रहिवासी नाहीत’ असेही. दोन्ही विधाने वरकरणी खरी आहेत. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी तीन वर्षे, ब्रिटनने ही बेटे त्यापासून तोडली, कारण त्यांतले दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते. तिथे नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक होते; आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि भारतातून गेलेल्या गिरमिटियांचे ते वंशज. त्यांना ब्रिटिशांनी कागदोपत्री कंत्राटी मजूर ठरवले, म्हणजे कायमचे रहिवासी कोणी नाहीतच असे संयुक्त राष्ट्रांना सांगता आले. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारण्यात आली, मळे विकत घेऊन बंद केले गेले, बेटावरची कुत्री मारली गेली, आणि १९७३ पर्यंत सगळ्यांना जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला सोडण्यात आले. बेटांवर कोणी राहत नाही, कारण राहणाऱ्यांना हाकलले. हे दुसरे वाक्य न छापता पहिले छापणे म्हणजे १९६५ मधली ब्रिटिश अधिकाऱ्यांची बनवाबनवी आपण २०० शब्दांच्या परिचयात पुन्हा खरी ठरवणे होय. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या सल्लागार मतात ब्रिटनने हा कारभार लवकरात लवकर संपवावा असे म्हटले. २२ मे २०२५ रोजी दोन्ही देशांनी सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचा करार केला, पण त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडेच राहील आणि परतीची मुभा मॉरिशसने दिली तरी ती इतर बेटांपुरती, अशी तरतूद आहे. या करारात आमचे मत कोणी विचारले, असा सवाल चागोसच्या अनेक लोकांनी केला. सीमावाद, विस्थापन आणि ओस पडलेले बेट या तीन ओळींचा विषय इथे एकच आहे.

जागेची मर्यादा मला कळते. मात्र प्रत्येक परिचयात राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल आणि संसदेचे स्थानिक नाव यांना जी जागा मिळते तिच्यातून काही ओळी सहज निघतील. सीमावाद लिहिताना रेषा कोणी व कोणत्या वर्षी आखली आणि आज दोन्ही बाजू कशाच्या आधारे दावा करतात हे द्यावे. विस्थापितांच्या संख्येपुढे मोजणाऱ्या संस्थेचे नाव आणि वर्ष असावे. तस्करीची श्रेणी दिलीच तर ती कोणाची हे सांगून, तिथे माणसे कोणत्या कामासाठी नेली जातात ते लिहावे. आणि लोकसंख्या घटली असेल तर कारणाशिवाय ती नोंद छापूच नये. नकाशाबाबत एक वेगळी विनंती आहे. भारताच्या सीमा आपण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे दाखवता, ते कायद्यानेही आवश्यक आहे. इतर देशांचे नकाशे मात्र कुठून तरी घेतलेले असतात आणि वादग्रस्त भागही त्यांत सलग रेषेने मिटवलेला असतो. तिथे तुटक रेषा वापरावी आणि खाली नकाशा कोणाचा हे छापावे. मॉरिशसचा परिचय राज्यसेवा पूर्वपरीक्षेआधी दुरुस्त स्वरूपात पुन्हा द्यावा, कारण जुने कात्रण मुलांच्या वह्यांत अजून चिकटलेले आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
नाशिक